वरच्या खोलीचं भाडं

प्रिय भिंगरी,

आधी ती बॅग पलंगाखाली सरकव. कपडे भरले असतील तर काढून पुन्हा कपाटात लाव आणि मग हे पत्र वाचायला बस. शनिवारी तू घरी येणार नाहीयेस. पैशांची सोय होत नाही, तर कॉलेज सोडते आणि बाबाच्या दुकानात बसते, असं तू फार समजूतदारपणे लिहिलं होतंस. एवढा समजूतदारपणा तुला शिकवला कुणी गं? आपल्या घरात तर तो कुणाकडेच नाही. जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणून सहा वर्षांची असल्यापासून दुकानातल्या मांजराच्या धडधाकट पायाला पट्ट्या बांधणारी तू, आणि आता म्हणे चष्म्याच्या फ्रेमा पुसणार! तुझ्या बाबाने ते पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरचा चष्मा दिला. तो बिचारा पायरीवर अडखळला तेव्हा कुठे बाबा भानावर आला.

इथे काय चाललं होतं ते तुला कुणी कळवलं नसेल. तुझ्या शिक्षणासाठी मागितलेली मदत मंजूर झाली, पण फीचा तिसरा हिस्सा कमी पडतोय आणि तो महिनाअखेरपर्यंत भरायचाय, हे ऐकल्यापासून घरात नुसती धांदल. बाबा काचा घासायचं मशीन विकायला निघाला होता. मी म्हटलं, अरे, मग चष्मे काय दाताने घासणार आहेस? तुझ्या आईने लाँड्रीत दुसरी पाळी मागून घेतली. मी माझं शिवणयंत्र विकते म्हटलं, तर तुझी आई म्हणाली, वन्सं, ते कुणी फुकटसुद्धा नेणार नाही. लागलं मला, पण खरं होतं.

बुधवारी चहाला खाली गेले, तर मदत कार्यालयाचं ते पत्र साखरेच्या डब्याखाली पडलेलं. बाबाचं भिंग घेऊन मी सहज वाचायला लागले. वडिलांचं उत्पन्न अमुक, आईचं तमुक आणि तिसऱ्या ओळीत, वरच्या खोलीच्या भाड्याचं उत्पन्न. अगं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरच्या खोलीत राहतं कोण? मी!

आता तुला एक गोष्ट सांगते, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आठ वर्षांपूर्वी मी या घरी आले तेव्हा फुकट राहणार नाही असं ठणकावलं होतं. दोन वर्षं दर महिन्याला भाडं मोजून दिलं. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बारीक काम जमेना, त्यात शिंप्यांनी काज करायची यंत्रं घेतली. काज-बटणाचं काम पार आटलं. त्या महिन्यात मी भाडं दिलं नाही. काय सांगायचं, कसं सांगायचं, म्हणून दिवसभर खोलीतून खाली उतरले नाही. संध्याकाळी दाराखालून एक कागद सरकला. पावती. भाडं पूर्ण मिळालं, खाली तुझ्या बाबाची सही. पुढच्या महिन्यात तसंच. सहा वर्षं, बहात्तर पावत्या. तो कधी बोलला नाही, मी कधी विचारलं नाही. आणि मी शहाणी चारचौघींत मिरवत राहिले, की भावाकडे असले तरी भाडं भरून राहते हो!

आता बाबाचा पराक्रम बघ. पावती पुस्तकात कार्बनची प्रत राहते. तुझ्या मदतीच्या अर्जात सगळं उत्पन्न लिहा म्हटल्यावर या सत्यवादी माणसाने पुस्तक उघडलं, बेरीज केली आणि न मिळालेलं भाडं इमानदारीत लिहून टाकलं! मी तशीच दुकानात गेले आणि गिऱ्हाइकासमोर त्याला गाढव म्हटलं. तो स्क्रू पिळत होता, तो पिळतच राहिला. मग हळूच म्हणाला, माझ्या सहीच्या पावत्या आहेत, त्या खोट्या म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? आणि तुला काय वाटलं असतं, ताई? मला इतका राग आला होता आणि त्याची इतकी मायाही आली, की काय करावं सुचेना. शेवटी त्याचा चहा मीच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पावत्या पिशवीत घालून मी मदत कार्यालय गाठलं. बाबाला सांगितलं, येऊ नकोस, तू आलास तर पुन्हा खरं बोलशील. खिडकीपलीकडे केसांत पेन खोचलेल्या एक बाई. मी ऐटीत बहात्तर पावत्या पुढे ठेवल्या. त्यांनी चाळल्या आणि म्हणाल्या, आजी, यावरून तर तुम्ही भाडं दिलंय हेच ठरतं. मी कपाळावर हात मारला. घरून निघताना हे डोक्यात कसं आलं नाही? मग तोंडानेच सांगावं लागलं. आणि त्या काचेला भोक एवढंसं, की हळू बोललेलं पलीकडे जाईना. म्हणून मी ओरडून सांगितलं, सहा वर्षं मी भाड्याचा एक पैसाही दिलेला नाही! रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाटलं, आता जमीन फाटावी आणि मी आत जावं. तेवढ्यात मागचे एक गृहस्थ म्हणाले, बाई, मी तर जावयाकडे राहतो, दहा वर्षं झाली. सगळी रांग हसली. मीही हसले. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! उगाच सहा वर्षं जीव मुठीत धरून जिना चढत-उतरत होते.

बाईंनी माझं बँकेचं पुस्तक पाहिलं. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतंच, तेच कामी आलं. माझ्याकडून लेखी घेतलं. मग विचारलं, जेवता कुठे? खाली, त्यांच्यातच. औषधं? भाऊ आणतो. तशा त्या म्हणाल्या, अहो, मग तुम्ही आश्रित. आश्रित! मी भांडायलाच उठले होते. पण त्यांनी मला खाली बसवून समजावलं, की भाडं उत्पन्नातून वजा होईल आणि खाणारं माणूस एक वाढेल, तर मदतही वाढेल. पटापटा आकडे दाबून कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. भिंगरी, तुझ्या फीतलं कमी पडणारं सगळं भरून निघतंय, वर पुस्तकांपुरते उरतात! मी त्यांना पुन्हा एकदा करायला लावलं. उत्तर तेच आलं. मला तर त्या खिडकीतून हात घालून त्यांचा गालगुच्चा घ्यावासा वाटला.

हे सगळं बाबाने फोनवर दोन मिनिटांत सांगितलं असतं. नको म्हटलं, मीच लिहिणार, कारण काम माझं आहे. सोबत दुरुस्तीचा अर्ज आहे. त्यात घरातल्या माणसांची यादी विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहायची असते. मागच्या अर्जात तू तीन माणसं लिहिली होतीस. तुझी चूक नाही, मीच भाडेकरू म्हणून मिरवत होते ना. तर या वेळी चौथ्या ओळीत माझं नाव लिही. नात्यापुढे आत्या लिही. त्यापुढच्या रकान्यात ‘आश्रित’ लिही, आणि माझ्या मनाला काय वाटेल म्हणून अक्षर बारीक काढू नकोस. सही करून सोमवारच्या आत पोस्टात टाक. टाकायच्या आधी त्या पानाची एक झेरॉक्स मला पाठव. तुझ्या घरातल्या माणसांत माझं नाव, तुझ्या अक्षरात, मला माझ्याजवळ हवंय.

तुझीच,
घरातली चौथी,
आत्या