दगडावर घासलेला अंगठा

हिंगोली, बुधवार, ११ फेब्रुवारी

काल लिहिलं ते खोटं आहे. यमुनाबाईंना हात धुवायला केंद्र चालवणाऱ्या रेखाताईंनी पाठवलं, असं लिहिलं. पहिल्यांदा त्यांनी पाठवलं, हे खरं. पुढच्या तिन्ही वेळा मी.

काल सर्व्हर सकाळपासून बंद होता. आमच्या आधार केंद्रात तसं कुणी सांगत नाही. सांगितलं की लोक भांडतात. तुमचा अंगठाच उमटत नाही म्हटलं, की मान खाली घालून नळावर जातात.

यमुनाबाई पुसेगावहून आलेल्या. या महिन्यात ठसा लागला नाही तर त्यांचा निराधार योजनेचा पगार बंद होणार. "माय, माजंच बोट खराब हाय. हळद काढू काढू घासून गेलं," म्हणाल्या. चौथ्या वेळी अंगठा दगडावर घासून आल्या. रक्त येत होतं. आणि मी काय म्हणाले? "आजी, आता रक्तावर कसा उमटेल? जखम भरली की या."

रेखाताई हसल्या. "लवकर शिकलीस की गं!"

मला बरं वाटलं. काल हेच लिहायचं टाळलं.

वडिलांनी, अण्णांनी, घरीच अक्षरं शिकवली, खरं बोलायलाही. ते इथल्या दोन महिन्यांत गेलं? की घरापुरतंच होतं? दोष रेखाताईंवर ढकलता येईल, पण तो रक्ताळलेला अंगठा माझ्यापुढे धरला होता. सर्व्हर सुरू झाला की दुसरं बोटही चालतं, हेही मी सांगितलं नाही.

ठशाचं मशीन घेऊन पुसेगावला जाणार. तुमचा अंगठा चांगला होता, हे आधी सांगणार, मग ठसा. 'कधीतरी' नाही, कधीतरी म्हटलं की धीर होणार नाही. शनिवारी, १४ तारखेला.