मक्यातला बास्केटबॉल

मु. पो. वरकुटे, ता. इंदापूर
कार्तिक, सन १९९६

पिंपळीचे दाजी यांस सोनबाचा वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे वाकणं लेखीच धरावं). तुमची कंबर, अक्काचा राग आणि म्हशीचं दूध, तिन्हींची खुशाली कळवा. मागच्या पत्रात अक्कानं म्हशीवरच पान भरलं, आणि मी जगलो की मेलो हे विचारायचं राहून गेलं.

मी विद्यापीठाकडून खेळून आलो, तेव्हा तुम्ही चारचौघांत विचारलं होतं, की एवढा ताडमाड गडी चिंचा झोडायच्या सोडून टोपल्यात चेंडू का टाकतो. तेव्हा राग आला होता. आता कॉलेजात कोच होऊन चौथं वर्ष आहे, आणि चिंचांत जास्त इज्जत होती असं वाटतं. दोन वर्षांमागं प्रिन्सिपलांच्या हातापाया पडून मी मैदानावर सिमेंटचा कोबा करून घेतला आणि तिथंच घात झाला. पंचक्रोशीत एवढी गुळगुळीत, उन्हातली जागा दुसरी नाही. आज नारळ फुटला, उद्या त्यावर मका वाळत पडला. पहिला ढीग संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे तक्रारीची सोयच मिटली. दुसरा त्यांच्या भावकीचा. तिसरा भावकीशी ज्यांचं पटत नाही त्यांचा (तो मुद्दाम मधोमध). राखणीला अध्यक्षांची चुलती चंद्राबाई काठी घेऊन बसते. पाखरं आणि माझी पोरं यांत ती फरक करत नाही.

पोरं मात्र गुणी. बहुतेकांचे आजे मेंढरांमागं फिरलेले, त्यामुळं पळायला शिकवावं लागत नाही, थांबायला शिकवावं लागतं. कर्णधार निरवांगीचा भिमा. अध्यक्षांच्या ढिगाला वळसा, भावकीच्या कडेनं आडवं, मधल्या ढिगामागून उसळी, मग टोपलं, असा आमचा रोजचा सराव. दाणा तुडवला की पोटरीवर काठी.

यंदा प्रिन्सिपलांनी बोलावून सांगितलं, की बारामतीच्या सामन्यात हरलात तर खेळ बंद, कोबा कायमचा खळ्याला आणि तुम्ही घरी. दाजी, खोटं कशाला बोलू, माझं जेवण तुटलं. मला दुसरं काहीच येत नाही.

बारामतीचं मैदान आरशागत स्वच्छ. समोर पुण्याचा संघ, पायात बूट असे की आपल्याकडं नवरदेवालाही मिळत नाहीत. शिट्टी झाली, भिमानं चेंडू घेतला आणि मोकळ्या मैदानात अध्यक्षांच्या ढिगाला वळसा घातला. ढीग नव्हता. मागून बाकीचेही तसेच वळले. पुणेकर सरळ वाट अडवून उभे, आणि आमचे गडी जिथं वळायचं काही कारण नाही नेमके तिथंच वळायचे. मी बाहेरून सरळ जा, सरळ जा म्हणून घसा फोडत होतो. नशीब, कुणी ऐकलं नाही. आम्ही जिंकलो. त्यांच्या कोचनं माझा हात धरून ही पद्धत कुठली म्हणून विचारलं. मी गंभीर तोंड करून रशियाची म्हणालो.

येताना एसटीत मी भिमाला विचारलं, रिकाम्या जागेत का वळत होतास? तर म्हणतो, "सर, मका न्हाय हे दिसत हुतं. पर चंद्राबाय कुठूनबी येती."

नोकरी राहिली. घरी येऊन मी ढसाढसा रडलो (हे अक्काला सांगू नये). पुढचा सामना रविवारी आमच्याच मैदानावर आहे. कौतुकापोटी अध्यक्षांनी स्वतः उभं राहून सगळा मका हलवला आणि कोबा धुऊन घेतला. चार वर्षांत माझा एवढा मान कुणी केला नव्हता. थोरांस नमस्कार, पोरांस गालगुच्चा.

तुमचा धाकटा मेहुणा,
सोनबा

ता. क. मोकळं मैदान मिळाल्यापासून पोरं बैलागत सरळ पळतात. काल शाळेच्या पोरींनी आम्हाला हरवलं. तुमचा मका ओला असेल तर दोन ट्रॉल्या पत्र मिळताच पाठवा. रविवारी सकाळी मी स्वतः भरून देईन. इथं छान वाळतो.

ता. क. दुसरा. घरचा मका नाही म्हणून चंद्राबाई आता यायला तयार नाही. मक्याबरोबर अक्कालाही पाठवा. नुसत्या ढिगाला पोरं भीत नाहीत.