रोग्याच्या खारका

बाबा, अंगणात सुपात खारका वाळत घातल्या आहेत आणि मी ओसरीवर तुमच्या जागी बसून कावळे हाकते आहे. तुम्ही असताना हे काम माझं होतं, तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली तरी माझंच आहे. बढती काही मिळाली नाही. पण मघाशी बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली आणि हातातली काठी तशीच राहिली. जी शंका मी चाळीस वर्षांहून जास्त मनात कुरतडत बसले होते, तिचं उत्तर समोर सुपात पडलेलं होतं. म्हणून कागद घेतला. तुमच्याशिवाय बोलायला दुसरं कोण आहे आता या घरात?

परवा सकाळी पलीकडच्या आळीतली एक बाई सुनेला माझ्याकडे औषधाला घेऊन आली. सून असेल सतराची. सासू आधी इकडचं तिकडचं बोलली, हवापाणी, तुपाचा भाव, मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "तीन महिने झाले, ही बाहेर बसलेली नाही. आणि आमचा मुलगा दसऱ्यापासून लष्कराबरोबर उत्तरेत आहे." एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. फाल्गुन चालू आहे, हिशेब तिनं केलेलाच होता. सून खांबाला टेकून जमिनीकडे बघत होती. तिची नखं मी आधीच पाहिली होती, चुन्यासारखी पांढरी. मी विचारलं, "पोरी, जेवतेस काय?" सासू मध्येच म्हणाली, "घरात काही कमी नाही हो आमच्या!" मी म्हटलं, "नसेल. हिच्यापर्यंत पोचतं का ते विचारतेय." मग ती पोर हळू आवाजात सांगायला लागली. तो सुखरूप परत यावा म्हणून सोमवार धरलाय, देवीचा मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, मारुतीचा शनिवार, रविवारी सूर्याला, शिवाय दोन्ही एकादश्या. "अगं मग जेवतेस कधी?" तर म्हणाली, "बुधवारी." मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. कारण सतराव्या वर्षी याच ओसरीवर, याच खांबाला टेकून मी उभी होते.

तुम्हाला आठवतं का, मी सासरहून परत आले तो उन्हाळा? ते मोहिमेवर गेले ते आलेच नाहीत, आणि सासरच्यांनी मला विधवेच्या लाल आलवणात तुमच्या दारात आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे दौत आणि बोरू ठेवलात आणि म्हणालात, "माझे डोळे चालत नाहीत. रोग्यांच्या चिठ्ठ्या तू लिही." डोळे चांगले चालत होते तुमचे, गल्लीच्या टोकाचा देणेकरी ओळखत होता तुम्ही. आत्या, तुमची धाकटी बहीण, स्वतः दहाव्या वर्षापासून विधवा. तिनं मला तिला ठाऊक होतं ते दिलं, म्हणजे व्रत. चातुर्मास लागला आणि मी धारणं-पारणं धरलं, एक दिवस कडक उपास, दुसऱ्या दिवशी एक वेळ जेवण, तेही अळणी. आत्या चारचौघींत माझं कौतुक करायची. मलाही बरं वाटायचं. पोटात भुकेचा खड्डा पडला की बाकीचं दुःख जरा कमी ऐकू यायचं, हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा मी लिहिलेली चिठ्ठी तुम्ही उजेडात धरलीत आणि म्हणालात, "आज अक्षराला हिव भरलंय का?" माझा हात कापत होता. मी म्हटलं, शाई पातळ झाली आहे.

आणि मग चार दिवसांचं येणं थांबलं. आषाढ गेला, श्रावण गेला. बाबा, पुरुषांच्या लक्षात येत नाही, पण आपल्याकडे बाईची पाळी म्हणजे गुपित नसतंच मुळी. ती बाहेर बसते तेव्हा तिचं काम दुसरीला करावं लागतं, ते अख्खी पेठ बघते. मी दूर बसले की हौदावरून पाणी आणायला आत्या जायची. गौरी बोळवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन हौदावर गेले, तर शेजारची काकू गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या आत्याबाईंना हल्ली भारीच आराम! दोन-तीन महिने हौदावर दिसल्या नाहीत." बाकीच्या एकमेकींकडे बघून घागरी विसळायला लागल्या. नवरा जाऊन सहा महिने झालेली पोर, आणि पाळी नाही. मी काही केलेलं नव्हतं हो बाबा, पण हे कुणाला, कसं पटवून देणार? मला घराबाहेर काढलं असतं, तुम्हाला वाळीत टाकलं असतं, आणि या ओसरीवर परत रोगी चढला नसता. घरी येताना मी हौदाकडे मागे वळून पाहिलं आणि मनात जे आलं त्याचीच मला भीती वाटली.

मग मी जे केलं ते बायकांतलीच एखादी करू जाणे. दोन दिवसांनी सकाळी उठून आत्याला म्हटलं, मला कावळा शिवला. आणि मागच्या पडवीत कांबळं टाकून बसले. चार दिवस काहीही झालेलं नसताना विटाळशी होऊन बसले, आत्या वरून पाणी ओतायची ते ओंजळीनं प्यायले, भिंतीकडे तोंड करून देवाची क्षमा मागितली. आत्या हौदावरून दोन घागरी जास्तच आणत होती, सगळ्यांना दिसावं म्हणून. पण चौथ्या दिवशी मी नहाणीत धुणं धूत होते आणि ती नेमकी मागे येऊन उभी राहिली. पाणी अगदी स्वच्छ वाहत होतं. मी न्हाऊन आले तशी तिनं माझं मनगट धरून मला तुमच्यापुढे उभं केलं आणि रडत म्हणाली, "दादा, ही खोटं बसली. हिला विचार का ते."

तुम्ही खल बाजूला ठेवलात. "खोटं बसलीस?" मी मान हलवली. "वैद्याच्या घरात राहून दुखणं चोरतेस? लाज नाही वाटत?" असं तुम्ही कधी बोलला नव्हता माझ्याशी. मग म्हणालात, "हात दे." आणि डोळे मिटून माझी नाडी धरून बसलात. किती वेळ बसलात, बाबा! आत्या तोंडाला पदर लावून तुमच्या बोटांकडे बघत होती. मीही बघत होते. पोट राहिलेलं वैद्याला नाडीत कळतं हे मी तुमच्याच तोंडून ऐकलेलं होतं. म्हणजे माझा बाप आता मी पापी आहे की नाही ते तपासतो आहे, असं मला वाटलं, आणि त्या तीन बोटांखाली मी मेले. शेवटी तुम्ही डोळे उघडून आत्याला म्हणालात, "नाडीत अन्न नाही. बाकी काही नाही. ऐकलंस ना? बाकी काहीही नाही. कुणी विचारलं तर असंच सांग." आत्यानं डोळे पुसले. "मग पाळी?" "कुठून येईल? चुलीवर आधणच नाही आणि तू भाताची वाट बघतेस. ज्या शरीराला स्वतःपुरतंच पुरत नाही, ते आधी हाच खर्च बंद करतं."

मग फळीवरची बरणी काढलीत. खारीक, खोबरं, डिंक, गूळ आणि भरपूर तूप, सगळं कुटून आटवलेलं. लाडू वळले असते तर बाळंतिणीचं खाणं झालं असतं, आणि विधवेच्या पानात ते कोण पडू देतंय? म्हणून तुम्ही ते वळलंच नाहीत. "हे औषध. सकाळ-संध्याकाळ मूठभर, वर पेलाभर दूध." आत्या म्हणाली, "आणि व्रत?" "व्रत चालू दे की. औषधानं उपास मोडत नाही, हवं तर शास्त्रीबुवांना विचारून ये." "पण मूठभर औषध कधी असतं का, दादा?" तर तुम्ही परत खल पुढे ओढत म्हणालात, "रोग तेवढा आहे." आत्यानं पुढे ते कडू आहे का हे बघायला एकदा चाखलं, आणि नंतर रोजच बघायला लागली. तुम्ही दुसरी बरणी केलीत आणि कुणालाच काही विचारलं नाहीत.

कार्तिक कोरडा गेला. मी रोज घाबरून उठायची. आणि मार्गशीर्षात एका पहाटे उठले ते ओटीपोटातल्या कळेनं. मी पडवीत जाऊन बसले आणि खुळ्यासारखी हसत सुटले. आत्यानं येऊन नीट पाहिलं, मग दोन्ही हातांनी लांबूनच माझी दृष्ट काढली, आणि घागर घेऊन जी निघाली ती मला पडवीत बसून ऐकू येत होती. "काय करणार बाई! आलं आमच्याच कपाळी पाणी भरणं! या वयात कंबर राहते का माणसाची?" हौदापर्यंत तक्रार करत गेली आणि तक्रार करत परत आली. इतक्या आनंदानं कण्हताना मी परत कुणाला पाहिलं नाही.

तुमच्यामागे मी हेच करत आले. आता पोरी येतात, त्यांच्या आया येतात. पहिली दोन-तीन वर्षं पाळी तिच्या मर्जीनं येते, उगाच घाबरू नका, असं मी सांगते. कुणाची तापानंतर थांबते, कुणाची धास्तीनं, कुणाला खरंच दिवस गेलेले असतात, ते मी सासूला बाहेर बसवून एकटीला विचारते. सगळ्याच बरणीनं बऱ्या होतात असंही नाही, काहींना काय झालंय ते मला अजून कळलेलं नाही. पण आधी मी प्रत्येकीला जेवणाचं विचारते. आणि तरी माझी स्वतःची शंका गेली नव्हती. नाडी बघेपर्यंत तुम्हाला माझी खात्री नव्हती, हे मी मनात धरून ठेवलं होतं. निर्दोष ठरले म्हणून औषध मिळालं. नसते ठरले तर? तुमचं अखेरचं दुखणं काढताना, तुमचे पाय चेपताना हे विचारायचं ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही.

परवा त्या पोरीचा हात मी हातात घेतला. मला नाडीत काही शोधायचं नव्हतं, नखं बघूनच कळलं होतं. पण सासूची नजर माझ्या बोटांवर खिळलेली दिसली आणि मी डोळे मिटून चांगला वेळ बसले, अगदी तुमच्यासारखी. सासूची खात्री पटायला हवी होती, म्हणून. आणि तिच्यासाठी वाळत घातलेल्या या खारका. आज तिसरा दिवस, अजून कुटण्याजोग्या वाळल्या नाहीत, आणि हे फाल्गुनातलं ऊन! भाद्रपदात ऊन-पावसात आठ दिवस तरी लागले असतील. मग एकदम आठवलं. गौरी जेवल्या त्या दिवशी अंगणात सूप होतं. घरात पुरणाचा वास, माझा धारण्याचा दिवस, आणि मी त्यातली एक खारीक नुसती वासाला उचलली. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "ठेव खाली! रोग्याचं आहे ते." मला इतकं लागलं होतं तेव्हा. पण बाबा, गौरी जेवल्या तेव्हा हौदावर कुणी काही बोललं नव्हतं. मी खोटं बसले नव्हते. माझी नाडी तुम्ही धरली नव्हती. तो रोगी मीच होते. माझं हललेलं अक्षर बघून तुम्ही खारका वाळत घातल्या होत्या, आणि नाडी धरलीत ती आत्यासाठी. "दुखणं चोरतेस" म्हणालात तुम्ही, दुखणंच म्हणालात, आणि मला बाई नुसता "लाज" हा शब्द तेवढा ऐकू आला! किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. मघाशी मी एकटीच मोठ्यानं हसले, तर कावळे उडाले आणि एक खारीक घेऊन गेले.

हे पत्र जाणार कुठे? तुम्ही वीतभर कागद वाया जाऊ देत नव्हता. उद्या याचे तुकडे करून त्या पोरीसाठी सुंठीच्या पुड्या बांधीन, तिला वाचता येत नाही.

एक मात्र कबूल करते. त्या मार्गशीर्षानंतर माझं सगळं सुरळीत झालं होतं. तुम्ही महिन्याच्या महिन्याला विचारायचा, "आता ठीक?" आणि मी तोंड पाडून म्हणायची, "अजून थोडं कमीच वाटतं." ते औषध मला फार आवडायचं, बाबा. पाच वर्षं मी हे खोटं सांगितलं. नाडी धरली असतीत तर एका क्षणात पकडली असतीत मला. तुम्ही एकदाही धरली नाहीत, नुसती बरणी भरत राहिलात.