आटे पाडलेली नळी

ज्वारी हुरड्यावर आली की आबा, म्हणजे आमचे वडील, आम्हां दोघा भावंडांना मचाणावर बसवून कामाला जात. मी नाताळच्या सुट्टीत अकोल्याच्या कॉन्व्हेंटमधून आलेली असे. संघदीप माझ्याहून लहान, गावातल्याच शाळेत. गोफण एकच होती, त्यामुळे पाळी लावावी लागे. आबांचे सांगणे ठरलेले: "गोटा मातीत गेला पायजे, आवाज पाखराले गेला पायजे. पाखरू मारून काय भेटते? ते उडालं का आपलं काम झालं." एका दुपारी आम्ही एकाच फडक्यातला हुरडा गुळाशी खात बसलो होतो. मी बाभळीच्या खोडावर नेम धरून गोटे मारत होते. संघदीप म्हणाला, "ताई, तू येडी हायेस. नेम तुहा इतका पक्का, अन् मारते लाकडाले!" आणि आपल्या वाटचा गुळाचा खडा त्याने माझ्या तोंडात कोंबला.

हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचे वाचून कुणाला वाटू नये की मी भावाला पहिल्यापासून शत्रू मानले. शत्रू तो नंतर झाला, आणि बरीच मेहनत घेऊन झाला.

तर मी, रूपा उकंडराव पडघान, वय चौसष्ट, सेवानिवृत्त क्रीडा शिक्षिका, अविवाहित, राहणार आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरात, उजेडाला बसून लिहीत आहे. कुणाचा दाब नाही, कुणाची भीड नाही. हृदयाचे दोन झटके येऊन गेले आहेत, पण डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला. संघदीप कोर्टात उभा राहिला की सर्वांत आधी माझ्या डोक्यावर बोट ठेवणार, हे मला ठाऊक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुणी काढून दाखवल्यास ते खोटे समजावे.

खाली लिहिलेले सर्व माझ्या नोकरीच्या कमाईचे आहे. आबांच्या शेतातला माझा हिस्सा मी हक्कसोडपत्राने संघदीपला केव्हाच दिला. "तुले कॉन्व्हेंट, मले पराटी," असे म्हणत कपाशीत राबल्याचे तो आयुष्यभर ऐकवत आला. त्यात खोटे काही नव्हते, म्हणून दिला.

कलम १. ज्या वस्तूवर सर्वांचा डोळा आहे ती आधी. माझे पॉइंट टू-टू बोअरचे अर्धस्वयंचलित जर्मन स्पोर्ट पिस्तूल, अक्रोडाच्या मुठीचे. परवाना माझ्या नावाचा.

हे पिस्तूल कसे निवडले ते लिहिते. त्याशिवाय ते कुणाला का जाते ते कळणार नाही.

राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले गुण मिळाल्यावर मला परदेशी पिस्तूल आणण्याची परवानगी मिळाली होती. घरामागे रीतसर परवानगी घेऊन बांधलेली छोटी रेंज होती. तिथे मी मुलींना शिकवत असे. संघदीपचे घर भिंतीला भिंत लागून. माझ्या जुन्या पिस्तुलाच्या आवाजावर त्याने तहसीलला अर्ज केला. नंतर ओट्यावर उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाला, "तुह्या ठो-ठोनं माह्या म्हशी आटल्या!"

मी म्हणाले, "म्हशी तुझ्या कंजूसपणाने आटल्या. थोडी सरकीची ढेप देत जा."

गल्ली हसली. पण अर्ज खरा होता आणि आवाजही खरा होता. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर ऑगस्टीन दार आपटणाऱ्या मुलीला परत पाठवत आणि आवाज न करता लावून यायला सांगत. ती सवय मला लागली ती लागलीच. दुसऱ्याच्या कानावर आपला हक्क नाही, असे मी मानते. म्हणून पुण्याच्या विक्रेत्याकडे गेले तेव्हा मला अचूक पिस्तूल हवे होतेच, पण शांतही हवे होते. सोबत तूबा होती. मंगरूळपीरच्या बाजारात गाद्या भरणारे सैफुद्दीनभाई, त्यांची ही मुलगी, माझी विद्यार्थिनी.

टेबलावर तीन पिस्तुले मांडली होती. इटालियन होते ते हातात असे बसले की उठू नये, पण मंद वेगाची काडतुसे घातली की अडकायचे. आवाज कमी ठेवायचा तर गोळी ध्वनीच्या वेगाच्या आत राहायला हवी, आणि अर्धस्वयंचलित पिस्तुलाला पुढचे काडतूस ओढून घेण्यापुरता जोर त्याच मंद काडतुसातून मिळायला हवा. इटालियनला तो पुरत नव्हता. दुसरे अमेरिकन होते. नळीच्या टोकाला आटे पाडलेले, त्यावर छोटी टोपी. विक्रेता हसून म्हणाला, "मॅडम, बाहेरच्या देशात इथे सायलेन्सर बसवतात. आपल्याकडे बंदी आहे, म्हणून टोपी."

मी ते खाली ठेवले. तूबा म्हणाली, "बाई, टोपी लावून ठेवू ना आपण. सर्वांत कमी उसळते हे."

"जिथे काही बसवता येते तिथे कुणीतरी ते बसवतेच," मी म्हणाले. "माझ्या घरात नको."

तिसरे हे जर्मन. नळी जड, टोकाला गुळगुळीत, एकही आटा नाही. मंद काडतूस पोटभर जेवल्यासारखे घेते. चाप स्वच्छ सुटतो. हलणारा भाग मागे जाऊन येतो त्याचा आवाज शिवणयंत्राइतकाच. तूबाने ते धरले आणि ताण सुटून तिचा खांदा आपोआप खाली आला. त्यावरूनच मी ठरवले.

उरलेला आवाज सैफुद्दीनभाईंनी घेतला. गोळी झाडण्याच्या खोलीच्या भिंती आणि छत त्यांनी जाड गाद्यांनी मढवून दिले. नळीच्या तोंडाजवळ मात्र कापूस नाही, तिथे ओल्या मातीच्या गोण्या. "बाई, कापूस आवाज खाते," ते म्हणाले, "अन् ढेकरबी देत नाही." त्यानंतर रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कुणी पाट आपटल्याइतकेच ऐकू येई. म्हशींनी दूध वाढवले की नाही, ते संघदीपने सांगितले नाही.

एक दिवस तो माझ्या ओसरीवर चहाला आला. कधी येत नसे. त्याचा शेताच्या धुऱ्यावरून शेजारच्या सेवालाल चव्हाणांशी तंटा चालला होता. बांध कुणी कोरला यावरून दोघे एकमेकांची तोंडे बघत नव्हते.

"ताई, ते मशीन आता लय चुप झालं म्हणते," तो म्हणाला. "त्याले अजून काई लावता येते काय? एकदम मुके करायचं."

"कशाला?"

"रानडुकरं सोयाबीन खाऊन राह्यली ना."

"डुकरांसाठी वन खात्याकडे अर्ज कर. अर्ज करायची सवय आहे तुला."

तो हसला आणि बशीत चहा ओतत म्हणाला, "आवाजच नाई झाला, तं कोनं मारलं हे कोन सांगन? डुक्कर असो का माणूस असो."

बशी तशीच ठेवून मी त्याला घराबाहेर काढले. पिस्तूल लोखंडी कपाटात होतेच, किल्लीची जागा बदलली. ही गोष्ट मी सेवालालजींना सांगितली आणि ठाण्यातही तोंडी सांगून आले. तिथे मला सांगण्यात आले की भाऊबहिणीत असे बोलणे होतच असते.

मग पहिला झटका आला. मी अकोल्याच्या दवाखान्यात असताना संघदीपने माझ्या घराचे कुलूप काढले आणि किल्ली शोधून कपाट उघडले. सबंध पिस्तूल नेले असते तर बोंब झाली असती, म्हणून त्याने फक्त नळी सोडवून नेली. मंगरूळपीरला गोविंदसिंग यांच्या लेथवर नेऊन म्हणाला, फवारणी पंपाची नळी आहे, पंपाच्या नोझलचे आटे पाडून द्या. गोविंदसिंगांकडे हंगामात अशा नळ्या रोज येतात. त्यांनी आटे पाडले.

मी आटे नाहीत म्हणून पिस्तूल निवडले, आणि माझ्या भावाने जर्मन नळीवर फवारणी पंपाचे आटे पाडून घेतले. नळीचे तोंड, ज्याच्यावर नेमाचा सगळा भरवसा असतो, ते कुरतडले गेले.

गोविंदसिंगांनी नळी पुसायला उजेडात धरली तेव्हा आत बंदुकीच्या नळीला असतो तसा पीळ दिसला. "उद्या या," असे सांगून त्यांनी संघदीपला परत पाठवले आणि नळी माझ्याच पिस्तुलाची असणार हे ओळखून ती टॉवेलात गुंडाळून थेट दवाखान्यात माझ्या खाटेपाशी आले. "बाई, पंपाच्या नळीले आतून पीळ कायले राहीन?" ते म्हणाले. "पन हे मले आटे पाडल्यावर सुचलं. शिव्या द्या."

शिव्या मी दिल्या नाहीत. डॉक्टर नको म्हणत असताना सही करून बाहेर पडले, आणि आम्ही दोघे ती नळी घेऊन ठाण्यात गेलो. या वेळी मी लेखी दिले.

गावाने मला जे बोलायचे ते बोलून घेतले. "बहिणीनं सख्ख्या भावाले पोलिसात देलं." विहाराच्या पायरीवर माझ्या शेजारी बसायला बायका कचरत. जामिनावर सुटून आल्यावर संघदीप दारातून ओरडला, "मेलीस तं खांदा देनार नाई!" त्याला इथे उत्तर देते. खांदा नको. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, कागद भरून ठेवले आहेत. प्रकरण कोर्टात आहे. माझा जबाब मी फिरवणार नाही, मेल्यावर तर मुळीच नाही.

सेवालालजी आज जिवंत आहेत आणि भांडतही आहेत. मला तेवढे पुरे.

नवी नळी परवानगीने मागवून बसवली. असे हे पिस्तूल, त्याची मूठ, पेटी आणि सफाईचे साहित्य मी तूबा सैफुद्दीन हिला देते. तिचे वय परवान्यापुरते झाले आहे. तिचा परवाना होईपर्यंत पिस्तूल ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा राहावे, एक दिवसही कुणा नातेवाइकाच्या घरी राहू नये. "सख्खा भाऊ असतानी पिंजाऱ्याच्या पोरीले?" असे संघदीपने चौकात विचारलेले आहे. होय, तिलाच. तिने मूठ धरली तेव्हा खांदा खाली आला होता. तुझा वर गेला असता.

तूबा, नळीच्या टोकाला काहीही बसवायचे नाही. कुणी प्रेमाने मागितले तरी नाही. आणि लग्नानंतर सासरी हे पेटाऱ्यात गेले, असे कानावर आले तर मी जिथे असेन तिथून येईन.

कलम २. बिघडवलेली नळी पुराव्यात जमा आहे. कोर्टाने ती माझ्या वारसांना परत द्यायचे ठरवल्यास ती कुणीही घेऊ नये. पोलिसांसमोर कापून नष्ट करावी. आठवण म्हणूनही ठेवू नये.

कलम ३. रेंजची जागा, गाद्यांच्या खोलीसकट, तूबाला. तिने तिथे मुलींना शिकवावे. गाद्या दर दोन वर्षांनी उसवून कापूस पिंजून घ्यावा. दबलेला कापूस आवाज खात नाही, असे सैफुद्दीनभाई सांगतात. शेजारून अर्ज आला तर तो वाचावा. अर्ज करणारा वाईट असला तरी आवाज खरा असू शकतो.

कलम ४. माझे राहते घर मी दुर्गाबाई संघदीप पडघान, माझी भावजय, हिला तिच्या एकटीच्या नावाने देते. नवऱ्याचे नाव कोणत्याही कागदावर लागू नये. दवाखान्यात होते तेव्हा ती रोज वेगळे कारण सांगून घरून निघे आणि एसटीने माझ्यासाठी भाकरी घेऊन येई. एकदा म्हणाली, "ताई, त्यायले समजलं तं माही चामडी सोलतीन." दुर्गा, आता समजले तरी हरकत नाही, तोवर घर तुझे झालेले असेल. संघदीप या घरात आला तर तुझ्या परवानगीने येईल आणि तुझ्या सांगण्याने जाईल. दाराची आतली कडी मी मागच्या महिन्यातच नवी बसवून घेतली आहे. चांगली जाड आहे.

बँकेत जे शिल्लक असेल तेही तिचेच.

कलम ५. शिवणयंत्र अमीनाबीला, म्हणजे तूबाच्या आईला. सिस्टर ऑगस्टीन यांनी दिलेला निळा कप लखीराम राठोड यांना. मानोऱ्याच्या शाळेत ते मुख्याध्यापक आणि मी क्रीडा शिक्षिका असताना त्यांनी तो दोनदा फोडता फोडता वाचवला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तेच करतील. आवाज अडवायला रेंजवर कानांवर लावायचे मफ सेवालाल चव्हाण यांना. धुऱ्यावर संघदीपशी बोलताना लावावेत.

कलम ६. शेवटचे. संघदीपला माझ्या मिळकतीतून घर, जागा, पैसा, भांडे, काहीही मिळणार नाही. कोर्टात गेल्यास हा परिच्छेद न्यायाधीशांना आधी वाचून दाखवावा.

फक्त भिंतीतल्या देवळीत, लाल फडक्यात, आबांची गोफण आहे. सुताची वीण एका बाजूला उसवली होती, ती मी शिवली आहे. ती त्याला द्यावी. लखीरामजींनी स्वतः हातात द्यावी, दारात टाकून येऊ नये. त्याला सांगावे की गोटा मातीत गेला पाहिजे. आणि हेही सांगावे की ती सोडली की कडाडते, साऱ्या शिवाराला ऐकू जाते, आणि त्या आवाजाला बंद करायचा आटा कुठल्याच लेथवर पडत नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिले, समजून घेतले, आणि खाली नाव लिहिलेल्या दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. या मृत्युपत्राने त्यांना काहीही मिळत नाही.

रूपा उकंडराव पडघान
(सही)

साक्षीदार:
गोविंदसिंग ठाकूर, लेथ व्यवसाय, मंगरूळपीर (सही)
सेवादास जाधव, सेवानिवृत्त पोस्टमन, आसेगाव (सही)

ठिकाण: आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५