उचलून कुणी घ्यायचं

चिंचवड,
कार्तिक, १९५७

प्रिय शालन,

माझं पत्र आलेलं पाहून तू बिचकली असशील. सासूनं सुनेला पत्र लिहायची आपल्यात रीत नाही, निरोपावर भागतं. पण निरोप नेणारा त्यात आपलं थोडं घालतो, म्हणून स्वतःच लिहायला बसले. अक्षर समजून घे. उद्धव लहानपणी पाटीवर गिरवायचा तेव्हा मी समोर भाकरी थापत थापत बघून शिकले. त्यामुळे माझा ‘झ’ अजून त्याच्यासारखाच पोट सुटलेला आहे.

परवा मणेरीण नूरबी आली होती. उद्धव गेल्यापासून ती आपल्या दारात टोपली उतरवत नव्हती. या घरात आता बांगड्या कुणी भरायच्या? परवा मात्र टोपली ओट्यावर ठेवून आत आली, पाणी मागितलं आणि म्हणाली, “मंजुळाबाई, चाकणच्या बाजाराला गेले होते. तुमची नात बघून आले. नाक सगळं उद्धवचं. आणि रडते अशी की पलीकडच्या आळीत ऐकू जावं.” शालन कशी आहे विचारलं, तर म्हणाली, “ती फारसं बोलत न्हाई. रस्त्यानं गाडी वाजली की दाराकडं बघते.” मग तिनं टोपली उचलली आणि गेली.

ती गाडी आपल्याकडून निघालेली नाही, हे तुला कळलं असेलच. तू माहेरी निघालीस तेव्हा नानासाहेब अंगणात तुझ्या वडिलांना जे बोलले ते आपण दोघींनी ऐकलं. “मुलगा झाला की गाडी पाठवतो. मुलगी झाली तर राहू द्या तिकडंच.” ते माझे थोरले दीर, तुझ्या सासऱ्यांच्या मागे या घरात त्यांचाच शब्द. मी त्या वेळी पदर ओढून उभी होते. उद्धवला जाऊन महिनाही झाला नव्हता, मला उन्ह कुठल्या बाजूचं तेही कळत नव्हतं. बांधकामावर त्याच्या पायात खिळा घुसला, ते त्यानं ना तुला सांगितलं ना मला. हळद लावून कामावर जात राहिला आणि धनुर्वातानं गेला. आळीत मात्र बायका म्हणतात की पोरीनं पोटात असतानाच बाप खाल्ला. शेजारची अंबूबाई माझ्या तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, थोडा बोल त्या खिळ्यालाही लाव की बाई. तेव्हापासून ती विस्तव मागायला येत नाही. बरं झालं.

उद्धवनं वाचनालयातून आणलेलं शेवटचं पुस्तक इथंच राहिलं आहे. परत द्यायला गेले तर तिथले हिंदुराव म्हणाले, राहू द्या वहिनी, वाचून झाल्यावर आणा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमच्या लोकांचं पुस्तक आहे. राजे आणि लढाया मी भराभर उलटल्या, पण मध्ये एक प्रकरण त्यांच्या बायकांचं आहे, ते दुपारच्या वेळी पुन्हा पुन्हा वाचते. त्या बायका घरात बसून लोकर कातायच्या. मेल्यावर थडग्याच्या दगडावर कोरायचे की हिनं घर सांभाळलं, लोकर कातली, एकाच नवऱ्याची होऊन राहिली. बस्स, तेवढंच. तिला हसू कशाचं यायचं, कशाला भ्यायची, काही नाही. माझ्यासाठी कुणी दगड उभा केला तर लिहितील, हिनं भाकरी थापल्या. खोटं नाही म्हणा ते.

मोठ्या घरची बाई असली तरी व्यवहाराला तिच्यावर कुणी पुरुष पालक नेमलेला असायचा. नवरा मेला तरी सुटका नाही. हे वाचताना बाहेर नानासाहेब खाकरले आणि मी पुस्तक मिटलं. मुलींना वेगळं नावसुद्धा नसायचं ग. बापाच्या कुळाचं जे नाव तेच सगळ्या बहिणींना, आणि ओळखू याव्यात म्हणून पहिली, दुसरी, तिसरी. मी विचार करत बसले, आई हाक मारायची तेव्हा तिघी एकदमच ओ द्यायच्या का?

पण माझं मन अडकलं ते पुढच्या पानावर. तिथं लिहिलंय की मूल जन्मलं की सुईण त्याला बापापुढं जमिनीवर ठेवायची. बापानं उचललं तर ते त्या घरचं. नाही उचललं तर बाहेर नेऊन टाकायचे, कुणी नेलं तर नेलं. त्या राज्यातल्या एका मजुराचं पत्र सापडलंय म्हणे. पोटासाठी दूरच्या शहरात गेलेला, घरी बायको गरोदर. तिनं निरोप धाडलेला, मला विसरू नका. तिला प्रेमानं लिहितो की मी तुला कसा विसरेन. आणि त्याच पत्रात लिहितो की मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. शालन, मला आपलं अंगण आठवलं. त्या बाईनं पुढं काय केलं ते पुस्तकात नाही. कुणालाच ठाऊक नाही म्हणतात. मी भांडी घासताना तिचाच विचार करते. आणि बाप आधीच मेलेला असेल तर जमिनीवरचं मूल कुणी उचलायचं, हेही त्या पुस्तकात कुठं सापडत नाही.

नूरबी म्हणाली, बारसं अजून झालेलं नाही. पोरीला आत्या नाही, आई विधवा, आजी विधवा, म्हणून तुझी आई सवाष्णी गोळा करायला बघते, आणि येतो म्हणणाऱ्या बायका येत नाहीत. पाळण्यापाशी आपल्यासारखीनं उभं राहू नये, हे मलाही शिकवलंय, आणि इतकी वर्षं मी प्रत्येक बारशाला मागच्या दारातच बसले. काल मी नानासाहेबांना सांगितलं, मी चाकणला जाते. ते म्हणाले, “जा. पण येताना एकट्या या.” मी म्हटलं, मागल्या दोन खोल्या उद्धवच्या वडिलांनी बांधल्यात, त्यांत आम्ही तिघी मावू. ते उठून बाहेर गेले. पुढं काय होईल मला माहीत नाही, आणि भीती वाटत नाही असंही लिहीत नाही.

म्हणून हे पत्र. गुरुवारी मी भोसरीपर्यंत चालत येईन आणि तिथून चाकणची एस.टी. धरीन. तू गाडीची वाट बघणं सोड. सवाष्णी आल्या तर येऊ देत, नाही आल्या तर पाळण्याच्या एका बाजूला तू उभी राहा. नाव तू ठरव, तुला आवडेल ते. पण तिचं एकटीचं असू दे. बारशाला बाळाला पाळण्याखालून देतात ना, तसं दे. पलीकडून घ्यायला मी आहे.

तुझीच, आणि आता तिचीही,
मंजुळा