शेवाळे काढू नये

११ ऑगस्ट, रविवार
आलो एकदाचे. कोथरूडमध्ये बैठं घर मिळालं यावर आईचा अजून विश्वास बसत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला जिने नकोत, म्हणून हे घेतलं. एजंटने मागच्या गल्लीतल्या दाराने आणलं होतं, पण तिथे सात पायऱ्या आहेत. पुढे फाटकापासून दारापर्यंत सपाट वाट आहे, शहाबादी फरशीची, गाडी आत येईल एवढी रुंद. मात्र हिरवीगार आणि बुळबुळीत. फाटकाच्या आत मालकांची पाटी : ‘शेवाळे काढू नये. ते घसरण्यासाठीच ठेवले आहे.’ आई कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. म्हणाली, पोचलो गं पुण्यात. पाटीचा फोटो मैत्रिणींना पाठवला.

१३ ऑगस्ट
रजा टाकून वाट घासली. ब्लीचिंग पावडर पसरली, तासाभराने तारेचा ब्रश फिरवला, सांध्यांतलं शेवाळ जुन्या सुरीने खरवडलं. शेजारचे महिपतीकाका, निवृत्त शिक्षक, कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, वाचता येतं ना आपल्याला? मी म्हटलं, येतं, म्हणून तर आम्ही दोघी हसलो. ते हसले नाहीत.
संध्याकाळी आई काठी टेकत, डावा पाय ओढत एकटी फाटकापर्यंत जाऊन आली. 

१६ ऑगस्ट
फाटकाजवळ पुन्हा शेवाळ. दोनच हिरवे ठसे, अनवाणी पावलांचे. बोटं घराकडे. माझेच असतील, ओल्या पायांचे. घासून टाकले.

१८ ऑगस्ट
आज सहा. अर्ध्या वाटेपर्यंत. शेजारी माझं पाऊल टेकवून पाहिलं. ती पावलं माझ्याहून वीतभर लांब आहेत.

२० ऑगस्ट
काकांना विचारलंच. त्यांच्या आवाजात तिरकसपणा नव्हता. म्हणाले, त्या पाटीत विनोद कुठे होता तो दाखवा मला. फाटकातून जे येऊ बघतं ते शेवाळावर घसरतं आणि परत जातं. माणसांसाठी मागचं दार आहे. तुम्ही त्याला वाट स्वच्छ करून दिलीत.

२१ ऑगस्ट
काठी दिवसभर कोपऱ्यात. आई म्हणते, दुपारी तू हात धरून किती जपून चालवलंस गं. फक्त हात गार होता तुझा.
दुपारी मी ऑफिसात होते.

२२ ऑगस्ट
ताक ओतलं वाटभर. त्याने शेवाळ लवकर धरतं म्हणतात. किती लवकर — काका म्हणाले, पुढच्या पावसाळ्यापर्यंत.
ठसे उंबऱ्याशी.

२३ ऑगस्ट, सकाळ
रिक्षा मागच्या दारी बोलावली आहे. आईची बॅग भरली. तिला उचलून नेईन, पायऱ्या तर पायऱ्या —

आई खोलीत नाही.

वाटेवर ठसे. उलटे, फाटकाकडे जाणारे. लांब पावलं, आणि बाजूला आईची — डावं ओढलेलं —
धावले. ताकावरून घसरले. पाय हलत नाही. फोन आत. खांद्याला पिशवी आहे, तिच्यात ही वही —

आई येतेय फाटकातून. काठी नाही. डावा पाय ओढत नाहीये. हसतेय. वाकून माझा डावा हात धरला, फार जपून, आणि तो इतका गा—