पोटाखाली अंडी असलेला झिंगा

सर, तुम्ही वारलात त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी माझा राग जागच्या जागी आहे. काल चिखलीच्या बसस्टँडमागे एका दुकानात, काचेच्या टाकीत बोटाच्या पेराएवढे झिंगे पोहताना दिसले. "पिल्लं आहेत का?" मी मुद्दामच विचारलं. दुकानदार हसला. "पिल्लं कायची ताई? ह्यायची जातच एवढीशी राह्यते. हे पाहा, अंडी घेऊन हाय पोटाखाली." जे त्याला उभ्या उभ्या दिसतं, ते तुम्हाला भिंगाखाली दिसलं नाही. की दिसलं होतं?

अकरावीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाने पाण्यातला एक जीव आणायचा, हा तुमचा नियम. मी उंद्रीच्या तलावातून ओढणीने गाळून झिंगे आणले, लोणच्याच्या बरणीत, एसटीत मांडीवर धरून. तुम्ही कपाटातला फॉर्मॅलिनमधला वीतभर समुद्री झिंगा काढलात आणि म्हणालात, "हा झिंगा. तू आणलीस ती पिल्लं." मी म्हटलं, "मंग सर, पिल्लाच्या पोटाखाली अंडी कशी?" वर्ग हसला, आणि तुम्हाला हसला. तेच तुम्हाला झोंबलं. बरणी तुम्ही बेसिनमध्ये पालथी केलीत आणि वरून नळ सोडलात. माझ्या जर्नलमध्ये "पूर्ण वाढलेली मादी" असं लिहिलेलं. ते खोडून "पिल्लू" लिहिल्याशिवाय सही मिळणार नव्हती, आणि सहीशिवाय परीक्षा नाही. आठ दिवस मी खोडलं नाही. मग तुम्ही बाबांना बोलावलंत. शेतात वांग्याचा तोडा अर्धवट टाकून आलेल्या माणसाला तुम्ही साधं बस म्हणाला नाहीत. "पोरगी उद्धट आहे, घरी बसवा," एवढंच.

त्याच दुपारी मी खोडलं. तुम्ही सही केलीत, वर "शहाणी झालीस" म्हणालात. बारावीला मी सायन्स सोडलं. डोळ्यांनी पाहिलेलं खोडूनच पास व्हायचं, तर तो विषय कशाला शिकायचा? आज मी ब्लाउज शिवते आणि विचारेल त्याला सांगते की माझं शिक्षण एका मास्तराने संपवलं. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच, म्हणून लिहिते. त्या दिवशी तुमच्या खोलीबाहेर बाबांनी मला थांबवलं होतं. "खरं सांग माय, तुले अंडी दिसली काय? दिसली असतीन त मी आताच माघारी जातो. मले काय भेव हाय त्यायचं?" ते दाराकडे वळलेही होते. मीच त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "नाई बाबा. सरायचंच बरोबर हाय."